आठ मतपत्रिका

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे उभे राहतात. लाखो मतदार, हजारो मतदानकेंद्रे, रात्री उशिरापर्यंत चालणारी मोजणी, आणि निकालानंतर उधळलेला गुलाल. मी ज्या निवडणुकीविषयी लिहिणार आहे तिच्यात मतदार होते अवघे छत्तीस आणि उमेदवार दोन. चौथीतल्या मुलानेही पाटीवर रेघा ओढून न चुकता मोजावीत एवढीच ती मते. तरीही मोजणी चुकली. नव्हे, चुकवली गेली. आणि ती दुरुस्त करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आठ मतपत्रिका आपल्यासमोर मागवून, एकेक उलगडून पाहाव्या लागल्या. ही हकीकत आहे चंडीगढ शहराच्या महापौराच्या निवडणुकीची. दिवस होता ३० जानेवारी २०२४.

राज्यशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी या खटल्याचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा मला त्यात फारसे काही वाटले नव्हते. घरी गेल्यावर सहज म्हणून वडिलांना ही गोष्ट सांगितली. वडील शाळेची पायरी फारशी चढलेले नाहीत. ते शांतपणे ऐकत होते. मते कोणी बाद केली, असे त्यांनी विचारले. ज्याने मोजायची त्यानेच, असे मी म्हणताच ते म्हणाले, "मग कुंपणानंच शेत खाल्लं म्हण की." त्या एका वाक्याने मला तो सारा खटला नव्याने कळला, आणि मी ग्रंथालयात जाऊन त्याची माहिती जमवू लागले. ती माझ्या मित्रमैत्रिणींपुढे मांडावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम चंडीगढविषयी थोडेसे. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी हे नवे शहर वसवले गेले. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुशिल्पकाराने त्याची आखणी केली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा राज्य झाले, तेव्हा चंडीगढ दोन्ही राज्यांची राजधानी झाले आणि स्वतः मात्र केंद्रशासित प्रदेश राहिले. मुंबई, दिल्लीच्या मानाने हे शहर लहानच. २०११ च्या जनगणनेत साऱ्या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास भरली. तेथे स्वतंत्र विधानसभा नाही. संसदेत लोकसभेचा एक खासदार जातो. महानगरपालिका आली ती १९९४ मध्ये, आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९६ मध्ये. विधानसभा नसलेल्या शहरात नगरसेवक हाच नागरिकाला सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी असतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

तेथील महापौराची निवड कशी होते? चंडीगढचा नागरिक महापौराला थेट मत देत नाही. तो आपल्या प्रभागातून नगरसेवक निवडतो, आणि हे नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. डिसेंबर २०२१ च्या निवडणुकीत ३५ प्रभागांतून ३५ नगरसेवक निवडून आले. त्यांच्या जोडीला शहराच्या खासदाराला पदसिद्ध सदस्य म्हणून एक मत असते. अशी ही छत्तीस मते. याशिवाय नऊ नामनियुक्त सदस्य असतात (आपल्याकडे त्यांना स्वीकृत सदस्य म्हणतात), परंतु त्यांना या निवडणुकीत मत नाही. महापौराची मुदत फक्त एक वर्षाची. पाच वर्षांच्या काळात पहिले व चौथे वर्ष महिलांसाठी आणि तिसरे वर्ष अनुसूचित जातींच्या सदस्यासाठी राखीव असते. २०२४ हे असे तिसरे वर्ष होते.

एका वर्षाच्या पदासाठी एवढी धडपड कशासाठी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे तर आयुक्ताच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या हातात असतात. हे खरे, पण सभागृहाचे अध्यक्षस्थान महापौराचे, कोणता विषय केव्हा चर्चेला घ्यावा यावर पकड महापौराची, आणि कंत्राटे व खर्च यांचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्याचेच. शिवाय प्रथम नागरिकाचा मान. आणि छत्तीस मतांच्या निवडणुकीत प्रत्येक मत किती मोलाचे असते, हे त्या शहराने याआधीच पाहिले होते. जानेवारी २०२२ मध्ये महापौरपदाची लढत १४ विरुद्ध १३ अशी सुटली, आणि एक मत बाद ठरले. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला तो १५ विरुद्ध १४ असा. दोन्ही वेळा भारतीय जनता पक्षाचा उमेदवार एका मताने निवडून आला, कारण आम आदमी पक्ष आणि काँग्रेस एकत्र नव्हते.

२०२४ मध्ये हे दोन पक्ष एकत्र आले. आम आदमी पक्षाचे १३ आणि काँग्रेसचे ७, मिळून वीस. दुसऱ्या बाजूला भारतीय जनता पक्षाचे १४ नगरसेवक, त्यांच्याच पक्षाच्या खासदाराचे एक मत, आणि शिरोमणी अकाली दलाचा एक नगरसेवक, मिळून सोळा. वीस विरुद्ध सोळा. आम आदमी पक्षाचे कुलदीप कुमार हे संयुक्त उमेदवार, आणि भारतीय जनता पक्षाचे मनोज सोनकर हे त्यांचे प्रतिस्पर्धी. कोणी फुटले नाही, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती.

निवडणूक १८ जानेवारीला व्हायची होती. त्या दिवशी पीठासीन अधिकारी आजारी असल्याचे सांगण्यात आले आणि निवडणूक पुढे ढकलून ६ फेब्रुवारीची तारीख देण्यात आली. हे प्रकरण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एवढा विलंब मान्य केला नाही आणि ३० जानेवारीला सकाळी दहा वाजता निवडणूक घ्यावी असा आदेश दिला.

आता या गोष्टीतले महत्त्वाचे पात्र येते, ते म्हणजे पीठासीन अधिकारी. सभेचे अध्यक्षस्थान घ्यायचे, मतपत्रिका द्यायच्या, मते मोजायची आणि निकाल सांगायचा, हे त्याचे काम. या कामावर अनिल मसीह यांची नेमणूक झाली होती. ते नामनियुक्त सदस्य होते, आणि भारतीय जनता पक्षाशी त्यांचा संबंध होता. ज्याला मत नाही त्याने मतमोजणी करावी, ही कल्पना मुळात वाईट नाही. पण ज्याला मत नाही त्याला पक्षही नसावा, एवढी काळजी मात्र नियमांनी घेतली नव्हती.

मतदान शांतपणे पार पडले. छत्तीसच्या छत्तीस मते दिली गेली. नंतर पीठासीन अधिकारी मेजाशी बसून मतपत्रिका पाहू लागले आणि थोड्या वेळाने त्यांनी निकाल जाहीर केला: मनोज सोनकर १६, कुलदीप कुमार १२, बाद मते ८. बाद झालेली आठही मते एकाच बाजूची. सभागृहात एकच गोंधळ उडाला. परंतु सभागृहात कॅमेरे चालू होते. मतपत्रिकांवर पेनाने काहीतरी करणारा हात आणि मध्येच कॅमेऱ्याकडे वर पाहणारा चेहरा, हे चित्र पुढे साऱ्या देशाने पाहिले.

मत बाद केव्हा होते, हे येथे समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या खटल्याची कळ तेथे आहे. चंडीगढ महापालिकेच्या १९९६ च्या नियमांत बाद मतांची कारणे मोजून दिली आहेत. निवडावयाच्या संख्येपेक्षा जास्त उमेदवारांना मत दिले असेल तर ते बाद. मतदार ओळखू येईल अशी खूण त्याने मतपत्रिकेवर केली असेल तर बाद. आणि मतपत्रिका कोरी असेल, किंवा मत कोणाला दिले हे संशयास्पद ठरेल अशी खूण असेल, तर बाद. प्रत्येक कारणामागे विचार आहे. उदाहरणार्थ, मतदाराने ओळखीची खूण का करू नये? कारण तशी मुभा दिली, तर पैसे देणारा म्हणेल, "कोपऱ्यात एक टिंब काढ, म्हणजे तू शब्द पाळलास हे मला मोजणीत दिसेल." बाद मताचा नियम हा मताला विकाऊ होऊ न देण्यासाठी केलेला नियम आहे. तो मतदाराने केलेल्या खुणेबद्दल बोलतो. मोजणाऱ्याने केलेल्या खुणेबद्दल नाही. मोजणारा स्वतःच खुणा करील, हे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

कुलदीप कुमार पुन्हा उच्च न्यायालयात गेले. तेथे निकालाला लगेच स्थगिती मिळाली नाही. म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात आले. ५ फेब्रुवारीला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे ते चित्रीकरण दाखवले गेले. ही लोकशाहीची थट्टा आहे, हत्या आहे, अशा अर्थाचे कडक उद्गार तेथे निघाले. सर्व मतपत्रिका व चित्रीकरण उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांच्या ताब्यात द्यावे, आणि ७ फेब्रुवारीला ठरलेली महापालिकेची बैठक पुढे ढकलावी, असा आदेश झाला.

यानंतर घडलेली गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १८ फेब्रुवारीला मनोज सोनकर यांनी महापौरपदाचा राजीनामा दिला. वरवर पाहता प्रश्न मिटला. पद रिकामे झाले, आता नव्याने निवडणूक घ्यावी. पण त्याच सुमारास आम आदमी पक्षाचे तीन नगरसेवक भारतीय जनता पक्षात गेले. म्हणजे वीस विरुद्ध सोळा होते ते आता सतरा विरुद्ध एकोणीस झाले. नवी निवडणूक झाली असती तर ती कदाचित नियमाला धरून झाली असती, आणि तरीही ३० जानेवारीचा खरा निकाल कायमचा पुसला गेला असता.

१९ फेब्रुवारीला पीठासीन अधिकारी स्वतः न्यायालयात उभे होते. आपण आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या हे त्यांनी मान्य केले; त्या मतपत्रिका आधीच खराब झालेल्या होत्या, त्या इतर मतपत्रिकांत मिसळू नयेत म्हणून खुणा केल्या, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी, २० फेब्रुवारीला, त्या आठ मतपत्रिका न्यायालयात आल्या. सरन्यायाधीश चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांनी त्या पाहिल्या. आठही मतपत्रिकांवर कुलदीप कुमार यांच्या बाजूने उमटवलेला शिक्का स्पष्ट होता. खराब होण्यासारखे त्यांत काही नव्हते. होती ती फक्त पीठासीन अधिकाऱ्याच्या शाईची खूण.

न्यायालयाचा निर्णय एका वाक्यात सांगायचा तर असा: मतदान शुद्ध होते, मोजणी अशुद्ध होती, म्हणून मोजणी सुधारायची, मतदान पुन्हा घ्यायचे नाही. बारा अधिक आठ म्हणजे वीस. कुलदीप कुमार हे महापौर म्हणून निवडून आल्याचे न्यायालयाने स्वतःच जाहीर केले. यासाठी राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला गेला. आपल्यासमोरच्या प्रकरणात पूर्ण न्याय करण्यासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा अधिकार हा अनुच्छेद सर्वोच्च न्यायालयाला देतो. पीठासीन अधिकाऱ्याने न्यायालयापुढे असत्य कथन केले असे दिसते, म्हणून त्यांच्यावर कारवाई का करू नये अशी नोटीस काढण्याचाही आदेश झाला. पुढे त्यांनी न्यायालयाची बिनशर्त क्षमा मागितली.

छत्तीस मतदारांच्या निवडणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयाने एवढा वेळ का द्यावा, असे काहींना वाटते. मला याचे उत्तर उलट दिशेने सुचते. लाखांच्या निवडणुकीत आठ मते इकडची तिकडे झाली तरी ती गर्दीत हरवून जातात. लहान निवडणुकीत काहीच लपत नाही. भांड्यात पाणी थोडे असले की तळाचा गाळ दिसतो, तसे हे आहे. आणि गावच्या ग्रामपंचायतीत, शहराच्या नगरपालिकेत जी सवय लागते तीच पुढे वर जाते. लहान जागी चालवून घेतलेला अन्याय लहान राहत नाही.

असो. येथवर ऐकले की गोष्ट सुखान्त वाटते. पण मला प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. ४ मार्च २०२४ रोजी वरिष्ठ उपमहापौर व उपमहापौर या दोन पदांची निवडणूक झाली, तेव्हा दोन्ही पदे भारतीय जनता पक्षाला प्रत्येकी १९ मतांनी मिळाली. महापौर एका पक्षाचा, दोन्ही उपमहापौर दुसऱ्या पक्षाचे! ३० जानेवारी २०२५ ला पुढच्या महापौराची निवडणूक झाली. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने एका निवृत्त न्यायाधीशांना निरीक्षक म्हणून बसवले होते. मोजणीबद्दल कोणाची तक्रार उरली नाही. कागदावर आम आदमी पक्ष व काँग्रेस यांची, नव्या खासदाराचे मत धरून, पुन्हा वीसच मते होती आणि भारतीय जनता पक्षाची सोळा. प्रत्यक्षात भारतीय जनता पक्षाच्या हरप्रीत कौर बबला यांना १९ आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराला १७ मते पडली. तीन मते गुपचूप पलीकडे गेली. कोणाची, ते कोणालाच कळणे शक्य नव्हते, कारण मतदान गुप्त होते.

म्हणजे कुंपण दुरुस्त झाले, राखणदार बसला, आणि तरी तीन कणसे गेलीच! पहिल्या वर्षी दोष मोजणाऱ्याचा होता. दुसऱ्या वर्षी मोजणारा निर्दोष होता, पण मत देणाऱ्यांनी आपल्या पक्षाला आणि आपल्या मतदारांना अंधारात ठेवले. यानंतर २०२५ साली तेथील नियम बदलण्यात आला: यापुढे महापौराची निवड गुप्त मतदानाने न होता हात वर करून व्हावी.

हा बदल योग्य की अयोग्य? आपण नागरिकशास्त्रात लहानपणापासून शिकलो की गुप्त मतदान हा लोकशाहीचा प्राण आहे. मग ते काढून टाकणे म्हणजे मागे जाणे नव्हे काय? मलाही आरंभी तसेच वाटले. गेल्या वर्षी आमच्या वर्गात एका कामासाठी प्रतिनिधी निवडायचा होता, तेव्हा हात वर करायला सांगितले होते. मला जिला निवडायचे होते तिच्यासाठी हात वर करण्याआधी मी नकळत मागे वळून पाहिले, की आणखी कोणाकोणाचे हात वर आहेत. माझ्यासारखे आणखी कितीतरी जण मागे वळून पाहत होते. उघड मतदानात माणूस आधी शेजाऱ्याकडे पाहतो आणि मग मत देतो. गरीब माणसाला, मजुराला, घरातल्या सुनेला गुप्त मतपत्रिकेने जे स्वातंत्र्य दिले आहे ते याचसाठी अमोल आहे. मालक, सावकार, सासरा यांपैकी कोणालाही तिच्या मताचा हिशेब मागता येत नाही.

परंतु नगरसेवकाचे मत आणि नागरिकाचे मत यांत एक मोठा फरक आहे. नागरिक मत देतो ते स्वतःचे. त्याचा जाब त्याला कोणी विचारू शकत नाही, आणि विचारूही नये. नगरसेवक महापौराच्या निवडणुकीत मत देतो ते मात्र हजारो लोकांच्या वतीने. ते त्याच्याकडे ठेवायला दिलेले मत आहे. ठेव ठेवणाऱ्याला आपल्या ठेवीचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार असतो. म्हणून नागरिकाच्या मताला पडदा हवा आणि प्रतिनिधीच्या मताला उजेड हवा, हा भेद मला पटतो. राज्यसभेच्या निवडणुकीसाठी संसदेने २००३ मध्ये हाच मार्ग धरला: आमदाराने आपली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २००६ मध्ये कुलदीप नायर यांच्या खटल्यात वैध ठरवली. अर्थात उजेडालाही दुसरी बाजू आहे. हात वर करून मतदान झाले की सद्सद्विवेकबुद्धीने पक्षाविरुद्ध मत देऊ पाहणारा एखादा नगरसेवकही गप्प बसेल; पक्षाच्या नेत्याची नजर त्याच्या हातावर असेल. उजेड जनतेच्या हाती पडतो की नेत्याच्या, यावर सारे अवलंबून आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे एक दृष्टिक्षेप टाकू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, पण त्यांचा अध्यक्ष कसा निवडावा हे ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. म्हणून उत्तर प्रदेशात महापौर थेट जनतेतून निवडला जातो, तर आपल्याकडे महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात. त्याची मुदत अडीच वर्षांची असते. निवडणुकीच्या सभेचे अध्यक्षस्थान विभागीय आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांसारखा सरकारी अधिकारी घेतो, आणि नगरसेवक हात वर करून मत देतात. शिवाय पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकाचे सदस्यत्व रद्द करण्याचा १९८६ चा कायदा आपल्याकडे आहे; चंडीगढच्या नगरसेवकांना असा कायदा लागू नव्हता, म्हणूनच तेथे तीन जण दोन दिवसांत निर्धास्त पक्ष बदलू शकले. चंडीगढमध्ये ज्या दोन जागी भोके पडली, तेथे आपल्याकडे निदान कागदावर तरी ठिगळे आहेत. तरीही महापौराच्या निवडणुकीआधी नगरसेवकांना सहलीला नेऊन हॉटेलात ठेवण्याच्या बातम्या आपण वाचतोच. कायदा माणसाला बांधू शकतो, शहाणा करू शकत नाही.

लहान शहरांतील नगरपरिषदांचे तर याहून निराळे. नगराध्यक्ष जनतेने थेट निवडावा की नगरसेवकांनी, याविषयी आपल्या राज्याचे मत अनेकदा पालटले आहे. २०१६ मध्ये थेट निवडणूक, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडणुकीत घोडेबाजाराला जागा कमी, कारण हजारो मतदारांना हॉटेलात कोण ठेवणार? पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की पाच वर्षे रस्सीखेच चालते आणि गटारे तशीच तुंबतात. नगरसेवकांतून निवडलेल्या अध्यक्षामागे बहुमत असते, पण ते बहुमत एका रात्रीत फुटू शकते. दोन्ही पद्धतींत गुण आहेत, दोन्हींत दोष आहेत. मात्र सरकार बदलले की पद्धत बदलावी, हा प्रकार पाहून मनात शंका येते, की विचार जनतेच्या सोयीचा होतो की स्वतःच्या?

२ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मतदान झाले. माझ्या आयुष्यातले ते पहिले मत. एक मत नगराध्यक्षासाठी, आणि प्रभागातील सदस्यांसाठी वेगळी मते. बोटाला शाई लावून बाहेर आले तेव्हा उगीचच मोठे झाल्यासारखे वाटले. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, पण काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला ढकलले गेले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्वांची मोजणी २१ डिसेंबरला झाली. मधले एकोणीस दिवस माझे मत कोठेतरी कुलपात पडून होते. त्या दिवसांत मला वारंवार ती चंडीगढची आठ मते आठवत. मत देणे माझ्या हातात होते, ते मी दिले. पण ते राखणे आणि मोजणे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होते. आपण मतदानाच्या दिवशी उमेदवाराला मत देतो खरे, पण विश्वास टाकतो तो मोजणाऱ्यावर. त्याला आपण निवडत नाही, पुष्कळदा त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

आपल्यापैकी अनेकजण पुढे शिक्षक होतील, कारकून होतील, तलाठी, ग्रामसेवक होतील. निवडणुकीच्या कामाचा आदेश हाती पडला की कपाळाला आठी घालणारेही आपणच असू. कोण्या लहानशा गावात, शाळेच्या एका खोलीत, कमी उजेडात, दिवसभराच्या दमणुकीनंतर आपल्यापुढे मतांची यादी असेल. तेथे कॅमेरा असेलच असे नाही, आणि सर्वोच्च न्यायालय तर फार लांब असेल. चंडीगढच्या प्रकरणात न्याय मिळाला, कारण कॅमेरा चालू होता, मतपत्रिका जपून ठेवल्या गेल्या होत्या, आणि हरलेल्या उमेदवाराला दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ होते. या तिन्हींपैकी एक जरी नसते, तर बारा हा आकडाच इतिहासात राहिला असता.

वडिलांना मी न्यायालयाचा निकाल सांगितला, तेव्हा त्यांना बरे वाटले. "आठच्या आठ मतं परत मिळाली का?" असे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. मी होय म्हटले. मग ते म्हणाले, "पण दरवेळी एवढ्या लांब कोण जाईल गं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

(द्वितीय वर्ष, कला)